उत्तरं पाठ हवीत

“जेवण झाल्यावर परत चोरून खातेस का?” ताईने विचारलं.

“कधीतरी,” धाकटी म्हणाली.

“कधीतरी काय! ‘नाही’ म्हणायचं. डोळ्यांत डोळे घालून, ठणकावून.”

दवाखान्याच्या बाकावर दोघी बहिणी खेटून बसल्या होत्या. धाकटीला दीड जागा लागायची, ताईला अर्धी पुरायची.

धाकटी पडदे शिवायची. गुडघ्यांनी दगा दिला, मशीनचं पायडल मारवेना, तेव्हा पोट लहान करायची शस्त्रक्रिया करायचं ठरलं. सर्जन तयार होते. पण आधी समुपदेशक बाईंची सही लागायची. मन तयार नसेल, खाण्याचं काही वेडंवाकडं असेल, तर त्या कागद अडवून ठेवतात, असं ताईच्या कानावर आलं होतं.

म्हणून आज तिने चष्म्याच्या दुकानातून रजा काढली होती. धाकटीच्या जिभेवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. ही बया खरं बोलून सगळ्यावर पाणी फिरवेल.

“खाल्ल्यावर अपराधी वाटतं?”

“वाटतं की.”

“अगं, कपाळ माझं! असं सांगितलंस तर घरी पाठवतील.”

“मग तूच दाखव ना कसं सांगायचं ते.” धाकटीने प्रश्नांची वही तिच्या हातातून घेतली. “दिवसच्या दिवस उपाशी राहता का?”

“छे हो! वेळच्या वेळी जेवते.”

“खाल्लेलं मुद्दाम उलटून काढता?”

“कधीच नाही.”

ताईचा आवाज लोण्यासारखा होता. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

“बघ, इतकं सोपं आहे,” ताई म्हणाली. धाकटीने पुढे केलेल्या पुड्यातली चार बिस्किटं तिने गप्पा मारत संपवली, बाथरूममध्ये बराच वेळ लावून हात धुऊन आली आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

तेवढ्यात बाईंनी दार उघडून धाकटीला खूण केली.

“लक्षात आहे ना सगळं?” ताई कुजबुजली.

“आहे.”

दार लागलं. ताईने वही मिटली, उघडली, परत मिटली. थोड्या वेळाने आतून हुंदका ऐकू आला. संपलं. बोलली वाटतं ही.

धाकटी बाहेर आली ती डोळे पुसतच. ताई ताडकन उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली तशी धाकटीने तिचा दंड धरला. तो तिच्या मुठीत सहज मावला.

“खरं सांगितलंस?”

“सगळं सांगितलं.”

“अक्कल गहाण टाकलीस का गं? महिनाभर घसा फोडतेय मी! आता कागद अडवणार त्या. गुडघे धरून बस आयुष्यभर!”

धाकटीने दंड सोडला नाही. मागे बाई दार उघडं ठेवून उभ्या होत्या.

“माझं खरं ऐकूनच त्यांनी मागच्या महिन्यात सही दिली, ताई,” धाकटी म्हणाली. “आजची वेळ तुझ्या नावावर घेतलीय.”