पुढची उंची

उंच उडीच्या अंतिम फेरीत कॉलेजच्या मुलीने एकाच उंचीवर दोनदा दांडी पाडली. प्रतिस्पर्धी तीच उंची पहिल्याच झेपेत ओलांडून निवांत बसली होती. एकच संधी राहिली. “ही उंची सोड,” प्रशिक्षकबाई म्हणाल्या. “उरलेली उडी पुढच्या उंचीवर मार, नियमात बसतं.” प्राचार्य दचकले. “बाई, वेड लागलंय का? ही ओलांडली तर निदान रौप्य पक्कं, नाहीतर कांस्यावर घसरू!” “सर, हिच्या पायांत एकच चांगली उडी उरलीय. माझ्या वेळी मी ती रौप्यावर खर्च केली. सव्वीस वर्षं हळहळतेय.” बाई मुलीकडे वळल्या. “जमेल?” “तुम्ही म्हणताय म्हणजे जमेल.” मुलगी धावली, वळली, पाठीवर तरंगली. दांडी थरथरली, पण पडली नाही. त्या उंचीवर प्रतिस्पर्धी तिन्ही प्रयत्नांत चुकली. सुवर्णपदक मिळाल्यावर मुलीने विचारलं, “मॅडम, दांडी पडली असती तर?” “उद्या सकाळी सहाला सराव.” “आणि आता?” “पावणेसहाला.”