चालू लाईन

हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून वच्छलाबाई निंदण टाकून शेताच्या धुऱ्यावर आल्या, तर अर्धं सोनाळा गाव तिथे आधीच माना वर करून उभं. टॉवरच्या तारांजवळ हेलिकॉप्टर अधांतरी थांबलेलं, आणि त्याच्या कडेच्या फळीवर बसलेला चंदेरी कपड्यातला माणूस उघड्या तारेला हात लावून काम करत होता. वच्छलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"साहेब, लाईन बंद हाये ना?" त्यांच्या दिराने, तुळशीरामने, खाली उभ्या इंजिनीअरला विचारलं.

"नाही काका, चालू आहे. चार लाख व्होल्ट!" इंजिनीअर ऐटीत म्हणाला. "त्याला ते माहीत आहे, तशीच तयारी करून गेलाय तो."

"अहो, बंद करा ना! मरून जाईन ना तो मानूस!" तुळशीराम ओरडला, तसा सगळ्या धुऱ्यावर गलका उठला.

वच्छलाबाईंनी डोळे उघडले. तारेवरचा माणूस जिवंत होता. त्यांनी दिराचा हात धरून त्याला मागे ओढलं.



"चालूच राहू द्या भाऊजी. माह्या पोराले, गजेंद्रले, खांबावर चढवलं, तवा 'लाईन बंद हाये' असंच सांगतलं होतं."