तिसऱ्या कडव्याची वरची ओळ

तिसऱ्या कडव्याची वरची ओळ आली आणि माधवीने पुन्हा तेच केलं. ध्रुवपद तोंडातल्या तोंडात, पहिल्या दोन कडव्यांना नुसते ओठ हलवल्यासारखे. पण वरच्या पट्टीतली ही ओळ आली की शालनच्या खांद्यामागून असा काही सूर लावायची, की शालनला स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकू येऊ नये. सगळं दूध शालनने आटवायचं आणि साय हिने खायची. डोळे मिटून, हात वर करून दर रविवारचं ते स्तुतिगीत गाता गाता शालनने मनात प्रार्थना केली, ‘प्रभू, हिचा घसा एकदा तरी बसू दे.’ अशी प्रार्थना करू नये हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने ‘आमेन’ तेवढं म्हटलं नाही.

अंबरनाथ पश्चिमेला, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये ही मंडळी दर रविवारी उपासनेला जमायची. तिथली गाणी शालन बारा वर्षं चालवत होती. माईक एकच, आणि तो तिच्या पुढ्यात. हरिचंद्रभाऊंनी पेटीवर सूर धरला की पहिला शब्द तिने उचलायचा, मग मंडळीने. गेल्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला, ती महिनाभर अंथरुणाला खिळली, आणि तेवढ्यात ही माधवी सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमधून आली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारी, कमी बोलणारी बाई. शालन बरी होऊन आली तेव्हा ती गाणाऱ्यांत उभी होतीच. बरं, उभं राहायला एवढा हॉल पडलाय, तर चार हात लांब राहावं की नाही? नाही. शालनच्या खांद्याला अगदी चिकटून.

त्यात पुन्हा कौतुक. उपासना सुटल्यावर कुळगावची द्रौपदीमावशी जिन्यात चपला शोधत कुणाला तरी सांगत होती, “तो वरचा सूर लागला ना, का माझे गुडघे दुखायचे थांबतात बघ. देवाची देणगी हाय ती.”

माधवी तिथेच उभी होती. ‘माझं काय, सगळं प्रभूचं’ असं निदान म्हणायची तरी रीत आहे. तेही नाही. ती नुसती खाली बघून हसली. शालनने वरच्या पायरीवरून ते हसू पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत तिच्या गाण्याने कुणाचे गुडघे दुखायचे थांबल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या रविवारी बदलापूर आणि उल्हासनगरच्या मंडळ्यांतले विश्वासणारेही इथेच यायचे होते. एवढ्या लोकांपुढे साय कोण खाणार, ते शालनने शुक्रवारीच ठरवून टाकलं.

“माधवी, या रविवारी तू मागच्या खोलीत मुलांना सांभाळ. तिकडे कुणी नाहीये.”

“चालेल, ताई.” माधवी जरा घुटमळली. “पण मग तिसरं कडवं?”

“तिसरं कडवं मी बारा वर्षं म्हणतेय.”

माधवी काही बोलणार होती. पण जाताना एवढंच म्हणाली, “कोमट पाणी पिऊन या हं ताई, थंडी आहे.” शालनला तो टोमणा वाटला. ती मुद्दाम पाणी न पिता आली.

रविवारी हॉल खच्चून भरला. पहिली दोन कडवी कशी सरळ गेली. खांद्यामागे कुणी नव्हतं आणि शालनला खूप दिवसांनी मोकळं वाटलं. वरची ओळ आली. तिने छाती भरून श्वास घेतला, गळा मोकळा सोडला आणि आवाज आलाच नाही. माईकमधून नुसती हवा गेली, शेवटी एक खरखर. हरिचंद्रभाऊंनी समजून घेऊन पेटीवर ती ओळ पुन्हा धरली. पुन्हा तेच. आजारपणानंतर ही ओळ आपण एकटीने कधी म्हटलीच नाही, हे तिला तेव्हा, तिथे, माईकपुढे तोंड उघडं असताना कळलं. घाबरून तिने डोळे उघडले. समोर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. या ओळीला ते नेहमीच मिटलेले असायचे. मंडळीने ओळ कशीबशी ओढून नेली आणि गाणं संपलं.

उपासनेनंतर ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. कुणाकडे बघवेना. द्रौपदीमावशी लंगडत तिच्याकडे आली आणि तिचा हात हातात घेतला.

“काय झाला गो शालन? घसा बसला का तुझा? तुझा तो सूर आयकाया मी कुळगावातून येते. आज गुडघे काय थांबले नाय.”

“माझा सूर?” शालन म्हणाली.

“मग काय माझा? पावसाळ्यापासून तर लयच गोड लागतो. समद्या मंडळीला इचार.”

शालनने मान वर केली. माधवी मागच्या खोलीतून आली होती, कडेवर कुणाचं तरी पोर आणि हातात पाण्याचा पेला. तिने सगळं ऐकलं होतं. शालनला वाटलं, आता ही सांगणार, तो सूर कुणाचा ते. सांगावंच तिने.

माधवीने पेला शालनच्या हातात दिला. पाणी कोमट होतं. मग ती खाली बघून हसली, जिन्यात हसली होती तशीच.

“थंडीने बसलाय ताईंचा घसा, मावशी,” ती म्हणाली. “नाताळला या तुम्ही. ताईंचा सूर लागेल.”