पायाळूची कंबर

हात सोडायचा नाही, हा त्या नाचाचा एकच नियम होता. म्हणून दारात जानराव दिसले तेव्हा चंदाला पळता आलं नाही. डावा हात शाहीनच्या हातात होता, उजवा खुशालरावांच्या. तिनं मान खाली घातली आणि फिरत राहिली. पण गोलाचं असं असतं, की दर फेरीला माणूस पुन्हा तिथंच येतो. चंदा दर फेरीला जानरावांच्या नाकासमोर येत होती.

अकोल्यात जठारपेठेतल्या त्या हॉलमध्ये दर सोमवारी जुनी दुखणी असलेली माणसं हात धरून नाचायची. सीमा मॅडमचा हा उपचार होता. जागा मोजक्याच. जुना पेशंट बरा होईपर्यंत नव्यानं भिंतीशी खुर्चीवर बसायचं. जानराव त्यासाठीच आले होते. पण आले होते ते थेट अमरावतीहून, चंदाच्याच गल्लीतून.

चंदा पायाळू होती. पायांकडून जन्मलेल्याची लाथ कमरेत बसली की उसण उतरते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. सकाळचं दूध तापायच्या आत तिच्या दारात कोणी ना कोणी वाकून उभं असे. मग एक दिवस तिचीच कंबर धरली, आणि घरचे हसले.

"पायाळूले कुठं उसण भरते वं?" सासू म्हणाली. "मारून घे सोताच एक लाथ."

चंदानं न्हाणीघरात प्रयत्न केलाही. पाय पोचला नाही.

तेव्हापासून ती बहिणीकडे जाते असं सांगून एसटीनं इथं यायची. नाचून मोकळी झालेली कंबर परतीच्या एसटीत पुन्हा आखडायची. पण मधला तासभर ती पेशंट असायची, आणि दोन्ही बाजूंनी कोणीतरी तिला धरून असायचं. तेवढ्यासाठी ती यायची.

सीमा मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि जानराव खुर्चीतून उठले.

"अवं, तू तं आमच्या गल्लीतली पायाळू!"

गोल थांबला. चंदाचे दोन्ही हात एकदम सुटले.

"या अल्ला!" शाहीननं कपाळावर हात मारला. "अन् मी दोन महिने हिचे पाय चुकवून नाचून राहिली!"

"मीबी पेशंटच हाय," चंदा म्हणाली. पण तिच्याकडे पाहायला कोणी नव्हतं. सगळे पाठ करून वाकले होते.

लवकर आटपावं, म्हणजे पुन्हा हात मिळतील, असा विचार करून ती सुरू झाली. शाहीन झाली, बाकीचे झाले. राहिले खुशालराव. ते ताडमाड उंच, त्यात मानेला पट्टा, त्यामुळे वाकणं जेमतेम. चंदानं पदर खोचला आणि पाय चांगला वर उचलला.

"थांबा! तसाच ठेवा!"

दारात सीमा मॅडम होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पहिल्या दिवशी तुमचा पाय पायरी चढत नव्हता, चंदाताई. बऱ्या झालात तुम्ही!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात जानरावांच्या.

"नाई मॅडम, दुखते अजून," चंदा घाईनं म्हणाली.

"कुठे?"

चंदानं कंबर चाचपली. इकडे दाबून पाहिली, तिकडे दाबून पाहिली. नालायक कंबर नेमकी तेव्हाच दुखत नव्हती.

"जानराव, या. जागा झाली," मॅडम म्हणाल्या.

जानरावांनी एका हातानं खुशालरावांना धरलं, दुसऱ्या हातानं शाहीनला. गाणं लागलं. गोल फिरू लागला. चंदा पिशवी घेऊन दाराशी पोचली, तेवढ्यात शाहीननं फिरता फिरताच प्रेमानं हाक मारली.

"सोमवारी येजो मात्र, चंदा! आता तुले नाचाची कटकट नाई. नुसती दाराशी उभी राय, आमीच येतो वाकत."