सरळ पाठ

लहान मुलांच्या वाकड्या पाठी सरळ करण्यात सर्जनबाईंची हयात गेली होती. त्या दिवशीही त्यांनी टेबलावर पालथ्या निजवलेल्या मुलीच्या मणक्यांना धातूच्या सळया बसवल्या आणि पाठ सरळ केली. तेवढ्यात मॉनिटरसमोरचा तंत्रज्ञ ओरडला, “मॅडम, पायांकडे जाणारे नसांचे सिग्नल गेले!” पाठ तशीच ताणलेली ठेवली तर पाय कायमचे लुळे पडण्याची भीती होती. “सळया सैल करा,” त्या म्हणाल्या. पाठ होती तशी वाकली. बऱ्याच वेळाने सिग्नल परतले, पण सळया पुन्हा आवळायची बाईंची छाती झाली नाही. शुद्धीवर येताच मुलीने विचारलं, “झाली का सरळ?” “नाही गं बाळा. आधी पाय हलव बघू.” तिने दोन्ही पाय हलवले. मग तोंड फिरवून हमसून हमसून रडली. “मॅडम,” डोळे पुसत ती म्हणाली, “पुन्हा कधी करायचं?”