फिक्की हळद

नमुन्याच्या चौथ्या बरणीला सील लावून वैजयंतीनं मान वर केली. केनवडच्या आठवडी बाजारातली निम्मी गर्दी गिरणीपुढं येऊन उभी होती.

"आत बसून करू या का, चाची?" तिनं हळूच विचारलं.

"आत अंधार हाये. इथंच बरं," जैतुनबी म्हणाली आणि हळदीचं पोतं स्वतःच ओट्यावर पुढं ओढलं.

वैजयंतीला अन्न सुरक्षा अधिकारी होऊन सहा वर्षं झाली होती. नमुना घेताना दुकानदार चिडतात, रडतात, कोणाला तरी फोन लावतात. ही साठीची बाई मात्र चहा सांगून मोकळी झाली होती. वैजयंतीला तिचं नवल वाटलं.

तक्रार निनावी होती. 'जैतुनबीच्या हळदीत पीठ असते. बाजाराच्या दिवशी या, माल हाती लागेल.'

रिसोड भागात सोयाबीन मागं सारून लोक हळद लावू लागले, तशा गावोगाव हळद दळायच्या गिरण्या निघाल्या. मग चढाओढ लागली ती रंगाची. समोरच्या दुकानातली हळद नजर ठरणार नाही इतकी पिवळी होती. तसला रंग कधीकधी शिसं असलेल्या पिवळ्या भुकटीनं येतो, हे वैजयंतीला ठाऊक होतं. जैतुनबीची हळद त्यापुढं अगदीच फिक्की.

"पीठ मिसळते म्हणतात मले," जैतुनबी म्हणाली. "निम्मे गिऱ्हाईक तुटले."

"मग फी भरून तपासून घ्यायची होती."

"घेतली ना. कागद बी लावला भितीले. तं लोक म्हणे, पैशे देऊन आणला."

त्या तुटलेल्या गिऱ्हाइकांतलीच रुपाबाई गर्दीत फिस्सकन हसली.

"अहवाल येईपर्यंत हा माल विकता येणार नाही," वैजयंतीनं बजावलं. "नमुना नापास झाला तर परवाना जाईल. खटलाही चालेल."

"माहीत हाये," म्हणत जैतुनबीनं सही ठोकली.

अहवाल आला. पीठ नाही, रंग नाही, शिसं नाही. शुद्ध हळद.

तो टपालानं धाडता आला असता. पण त्या निनावी माणसाचा विचार वैजयंतीच्या डोक्यातून जाईना. पुढच्या बाजाराला ती स्वतःच केनवडला गेली.

"जरा मोठ्यानं वाचा, मॅडम," जैतुनबी म्हणाली.

वैजयंतीनं ओट्यावर उभं राहून वाचलं. मग रुपाबाईच पुढं सरकली. "दोन किलो दे वं, जैतुनबी." तिच्यामागं रांग लागली. समोरचा दुकानदार घाईघाईनं शटर ओढू लागला, तशी वैजयंतीनं आपल्या शिपायाला तिकडं पिटाळलं.

रांग ओसरल्यावर ती जैतुनबीजवळ आली.

"चाची, तुमच्यावर कोणीतरी खार खाऊन आहे. अर्जावर नाव नाही, पण माणूस गावातलाच असणार. सांभाळून राहा."

जैतुनबीनं तराजू बाजूला ठेवला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, हा कागद यंदाच्याच मालाचा ना? मंग पुढच्या साली अर्ज कोण्या महिन्यात टाकू?"