दहावा शब्द

फोन आला तेव्हा गेनादी बीट सोलत होता. पलीकडची बाई सावकाश बोलत होती, तरी त्याने तिला दोनदा विचारलं. निवडणूक कचेरीच्या पायऱ्यांवर त्याची बायको फाइना कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याने बीट पाण्यात टाकले, गॅस बंद केला, कोट चढवला. लाल झालेले हात धुवायचे राहिले.

सकाळी निघताना ती दारात थांबली होती. "गेना, नाव नोंदवायची मुदत आज संपते. चल की माझ्याबरोबर. येताना काळा पाव घेऊ."

"माझ्या एकट्याने काय फरक पडतो?" तो वर न बघता म्हणाला होता.

तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. मायदेशी, गोमेलला, मतपत्रिकेवर एकच नाव असायचं. कुणी घराबाहेर पडला नाही तर पेटीच दारात यायची. मोजणी आधीच झालेली असायची. क्लीव्हलंडला आल्यावर त्याने नागरिकत्व घेतलं, लेथवर पंचवीस वर्षं काम केलं, पण कुठल्याही मोजणीत परत उभा राहिला नाही. फाइनाचं उलट. शहरातली तीन सिनेगॉग, महिला मंडळ, वृद्धाश्रम अशा ज्यू संस्थांची मिळून एक समिती होती. लोकांची नावं यादीत घालायची, म्हाताऱ्यांना मतदानाला न्यायचं, हे तिचं काम. खाण्यापिण्याच्या रीती वेगळ्या, म्हणून या संस्थांची माणसं एकमेकांच्या घरी पाणी प्यायलाही कचरत. फाइनाने त्यांना दोन नियम घालून दिले होते. काम कुठलंही असो, प्रत्येक सिनेगॉगने माणसं सारखीच द्यायची. आणि सगळ्यांत कडक जो असेल त्याच्या रीतीने चालायचं, म्हणजे कुणाला उठून जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. कबरीपाशी गर्दी होती. मृतासाठी म्हणायची कद्दिश सगळ्यांनी म्हटली. गेनादीने तोंड उघडलं नाही. एवढ्या लोकांत ते कुणाला कळलंही नाही.

संध्याकाळी माणसं प्रार्थनेला घरी आली. आरशावर चादर टाकलेली होती. गेनादी खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसला होता, सुतकाच्या रीतीप्रमाणे कॉलर फाडलेली. स्वयंपाकघरात कागदी ताटल्या होत्या आणि तीन रीतींचे तीन डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. त्यावर नजर ठेवून समितीची टोबी उभी होती.

कडक सिनेगॉगचा म्हातारा फाइव्हल माणसं मोजायला उठला. दहा पुरुष असल्याशिवाय त्याच्याकडे कद्दिश होत नसे. माणसांना आकडे लावायचे नसतात, म्हणून तो दहा शब्दांचं एक वचन म्हणू लागला, माणसागणिक एक शब्द. नवव्या शब्दाला तो थांबला. दहावा शब्द तोंडातच राहिला.

"टोबी, बोलावलेस तरी किती?"

"प्रत्येक सिनेगॉगचे तीन. फाइनामावशींचा नियम. सगळे सारखे."

"तीन त्रिक नऊ होतात गं! शाळेत कधी गेली होतीस की नाही?"

"आम्ही बायका बारा जणी आहोत. आमच्याकडे आम्हालाही धरतात."

"आमच्याकडे नाही."

"म्हणून तर गप्प उभी आहे. तोही त्यांचाच नियम." टोबीने डोळे पुसले. "आणि माझं गणित चुकलेलं नाही, फाइव्हलकाका. दहावे घरातलेच धरले होते."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. प्रार्थनेला कधी न येणाऱ्या गेनादीला फाइव्हलने मोजलंच नव्हतं.

"मला धरू नका," गेनादी म्हणाला. "मी देव मानत नाही. माझ्या एकट्याने काय फरक पडतो?"

"देवाचं तुम्ही आणि तो बघून घ्या," फाइव्हल म्हणाला. "तुम्ही उभे राहिलात तर तिची कद्दिश होईल. नाही राहिलात तर आम्ही नऊ जण सुतकाची उकडलेली अंडी खाऊन घरी जाऊ. फरक एवढाच."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. बाहेर दिवस मावळतीला आला होता. गेनादीने आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला बीटचा लाल रंग अजून होता. नऊ माणसं थांबली होती. कुणी त्याला ओढलं नाही. कुणी दारात पेटी घेऊन उभं नव्हतं.

तो स्टुलावरून उठला.

फाइव्हलने दहावा शब्द म्हटला.

कद्दिश त्याला नीट येत नव्हती. तो अडला की नऊही जण थांबत, फाइव्हल पुढचा शब्द हळूच सांगे, आणि तो तेवढा शब्द म्हणे. शेवटच्या आमेनला त्याला वाटलं, आता फाइना स्वयंपाकघरातून बाहेर येईल आणि म्हणेल, बघ, जमलं की नाही. स्वयंपाकघरातून कुणी आलं नाही.

माणसं पांगल्यावर टोबीने फाइनाची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "दवाखान्यातून दिली. नावनोंदणीचे एक्केचाळीस अर्ज मावशींनी कचेरीच्या खिडकीवर जमा केले होते, पावती आहे. एक मात्र परत आणत होत्या."

त्याने तो उघडला. नाव गेनादीचं. जन्मतारीख, गोमेल, इथला पत्ता, सगळं फाइनाच्या टपोऱ्या अक्षरात. कोपऱ्यांवरून कागद मऊ पडला होता. पुष्कळ दिवस पिशवीत फिरला असावा.

"अजून घेतील का?" त्याने विचारलं.

"नाही हो, काका. मुदत काल संपली."

अर्जात एकच गोष्ट राहिली होती. त्याची सही.